दहावीला इंग्रजीत ४१ आणि मराठीत ५२ गुण. आता पोर्तुगीज जमेल का?

तुम्ही लिहिलंय की क्लास लावायचाय म्हटल्यावर घरचे हसले, "आपल्या मराठीत ५२ पडले, तू काय पोर्तुगीज शिकणार!" आणि तुम्हालाही ते थोडं पटलंय.

लावा क्लास. हे सांगणारा मी उलट्या टोकाचा आहे. दहावीला संस्कृतात ९४. 'राम'ची चतुर्थी झोपेतून उठवून विचारली असती तरी सांगितली असती. पण कुणी संस्कृतात चार वाक्यं बोललं असतं तर ततपप झालं असतं. तीन वर्षांत वर्गात संस्कृतातून कुणी कधी पाणीसुद्धा मागितलं नव्हतं.

मराठीचे गुण मात्र माझेही जायचे. आमचं घर गोव्यातल्या डिचोलीचं. घरी कोंकणी, शाळेत आणि देवळातल्या भजनात मराठी. चौथीत बाजारावरच्या निबंधात मी लिहिलं, 'बाबांनी नुस्तं आणलं.' बाई सांगलीकडच्या. त्यांनी लाल रेघ ओढून समासात लिहिलं, 'नुसतं काय आणलं?' आमच्याकडे नुस्तं म्हणजे मासळी! दोन गुण गेले. तुमचे ४८ कुठे गेले ते आठवून बघा. शुद्धलेखनात, व्याकरणात, की वेळेत पेपर न संपल्यामुळे? बोलता येत नाही म्हणून फारसे गेले नसतील, लेखी पेपरात ते तपासतच नाहीत.

चार वर्षांपूर्वी पणजीत मी संध्याकाळचा पोर्तुगीजचा क्लास लावला. शेजारच्या बाकावर मोरजीचा एक टॅक्सीवाला. दहावीला इंग्रजीत नापास होऊन शाळा सोडलेला, पण रशियन पर्यटकांना वर्षानुवर्षं फिरवून त्यांच्याशी भाड्याची घासाघीस रशियनमध्ये करणारा. पहिल्याच आठवड्यात बाईंनी ध्वनिफीत लावली. पोर्तुगालचे लोक स्वर गिळतात, टेलिफोनचा पार 'त्लफोन' करतात. मी वहीत देवनागरीत लिहून घेत बसलो आणि दुसऱ्या वाक्यालाच हरवलो. हा डोळे मिटून ऐकत होता. मग जसंच्या तसं, नाकातल्या सुरासकट म्हणून दाखवलं. अर्थ विचारला तर म्हणाला, "तो मागीर पळोवया." अर्थ नंतर बघू! मला अर्थ लागल्याशिवाय तोंडच उघडता येत नव्हतं. ही सवय मला ९४ गुणांनी लावली, असं माझं मत आहे.

पण गुणांना अगदीच कचऱ्यात टाकू नका. क्रियापदं सुरू झाली तेव्हा गाडी त्याची अडली. 'फालु, फालश, फाला' (मी बोलतो, तू बोलतोस, तो बोलतो) ही भानगड कशाला, 'मी', 'तू' वेगळं म्हणतोच ना, असं त्याचं म्हणणं. मला ते वदामि, वदसि, वदति निघालं. 'आम्ही बोलतो'ला तिकडे 'फालामुश', इकडे 'वदामः'. शेवटचा प्रत्यय मुळात एकच. पाठांतराचं ते जुनं भांडवल तिथे कामी आलं. त्याला मी क्रियापदं शिकवायची आणि त्याने मला ऐकायला शिकवायचं, असं आमचं ठरलं.

गोव्यातल्या माणसाला थोडी पुण्याई आयती मिळते. पाव, बटाटा, पगार, चावी हे त्यांचेच शब्द. कोंकणीतलं जनेल म्हणजे खिडकी, तेही त्यांचंच. गंमत म्हणजे ते आज चावीला 'शाव' म्हणतात. त्यांचा जुना 'च' झिजून 'श' झाला, आपण मात्र जुनाच धरून बसलोय. अनुनासिकंही कोंकणी बोलणाऱ्याला जड जात नाहीत.

परीक्षा देणार असाल तर पोर्तुगीजची ए-२, म्हणजे प्राथमिक पातळीची 'सिप्ले' बघा. त्यात वाचन आणि लेखन मिळून ४५ टक्के, ऐकणं ३०, बोलणं २५. म्हणजे निम्म्याहून जास्त गुण कान आणि तोंडाचे. शाळेच्या पेपरात तुम्हाला ही संधी मिळालीच नव्हती. रोज वीस मिनिटं पोर्तुगालचा रेडिओ ऐका, मोठ्याने नक्कल करा, लाज वाटली तर गाडीत काचा वर करून करा. व्याकरणाचा कंटाळा असेल तर वर्गात माझ्यासारखा एखादा घोकंपट्टीवाला शोधा, असतोच.

आम्ही दोघंही पास झालो. लेखीत मी पुढे, तोंडीत तो. आता तो लिस्बनला असतो. कुठल्याही कचेरीचा फॉर्म आला की फोटो काढून मला पाठवतो, मी डिचोलीत बसून भरून देतो. मागच्या महिन्यात मला तिथल्या एका बाईंशी कागदपत्रांबद्दल बोलायचं होतं. दोनदा फोन लावला आणि दोन्ही वेळा 'बों दीया'च्या, म्हणजे नमस्काराच्या, पुढे गेलो नाही. तिसऱ्यांदा त्यालाच लावायला सांगितला.