निदानाच्या कागदावर घटस्फोट मिळतो का?

प्रश्न : मी नाशिकरोडला राहते, खासगी शाळेत शिकवते. मुलगी चार वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी भांडणानंतर मी हाताची नस कापून घेतली. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांनी बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर असं निदान केलं. उपचार चालू आहेत. आता नवऱ्याने घटस्फोटाचा अर्ज केलाय. मला स्किझोफ्रेनिया आहे, 'डबल पर्सनॅलिटी' आहे, असं त्यात लिहिलंय. पोलिसांत देण्याचीही धमकी देतो. मुलगी माझ्याकडे राहील ना?

उत्तर : ताई, तुमच्या यजमानांनी तीन वेगळे आजार एकाच पोत्यात कोंबले आहेत. स्किझोफ्रेनियात नसलेले आवाज ऐकू येतात, कुणीतरी पाळत ठेवतंय असे पक्के भ्रम होतात. एका देहात दोन माणसं वावरल्यासारखं होणं हा निराळाच आजार. तुमच्या आजारात, म्हणजे बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकारात, भावनांचे टोकाचे चढउतार, जवळचं माणूस सोडून जाईल ही धास्ती आणि त्या भरात स्वतःला इजा करणं दिसतं. नियमित थेरपीने पुष्कळांना चांगला गुण येतो.

तरीही 'मला काहीच झालेलं नाही' असं लेखी कैफियतीत, म्हणजे अर्जाला द्यायच्या उत्तरात, लिहू नका. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13(1)(iii) मधली मनोविकाराची व्याख्या ऐसपैस आहे, व्यक्तिमत्त्व विकार तिच्यात बसवता येतो. पण आजाराचं नाव सांगून अर्जदाराचं काम भागत नाही. विकार इतका तीव्र आहे की सोबत राहण्याची अपेक्षाच करता येणार नाही, हे त्याला सिद्ध करावं लागतं. 1988 च्या राम नारायण गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. 2013 च्या कोल्लम चंद्रशेखर खटल्यात पत्नीला स्किझोफ्रेनिया असल्याचा दावा होता, ती स्वतः डॉक्टर होती, आणि पतीला घटस्फोट मिळाला नाही. तुमची नोकरी, शाळेची हजेरी, उपचारांची फाईल हा तुमचा पुरावा. फाईल लपवू नका, जपून ठेवा.

न्यायालयाने वैद्यकीय तपासणीचा आदेश दिला तर टाळू नका. शारदा विरुद्ध धर्मपाल (2003) या निकालानुसार नकार दिल्यास तुमच्याविरुद्ध निष्कर्ष निघू शकतो. शिवाय मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 105 नुसार, आजाराच्या पुराव्याला दुसऱ्या बाजूने आव्हान दिलं की न्यायालयाने तो मुद्दा याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे पाठवायचा असतो. वकिलांना हे कलम आवर्जून दाखवा. बऱ्याचदा ते कुणी काढतच नाही.

मला खरी काळजी वाटते ती क्रूरतेच्या मुद्द्याची, कारण घटस्फोटाचं ते वेगळं कारण आहे. अर्जात तो असेल, नसेल तर दुरुस्ती करून येईल. आत्महत्येचा प्रयत्न आणि वारंवार धमक्या यांना 2016 च्या नरेंद्र विरुद्ध के. मीना या निकालात मानसिक क्रूरता मानलं गेलं. म्हणून त्या दिवशी काय घडलं, त्याआधी घरात काय चाललं होतं, नंतर उपचार कधी सुरू झाले, हे तारीखवार लिहून काढा. यजमानांना पाठवलेले मेसेजही वकिलांना दाखवा, अडचणीचे असले तरी. समोरच्याने ते न्यायालयात पहिल्यांदा काढले तर उत्तर सुचत नाही.

पोलिसांच्या धमकीला भिऊ नका. 2017 च्या कायद्याचं कलम 115 आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरतं, आणि तिला शिक्षा होत नाही.

मुलीचं म्हणाल तर पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे राहतं, अर्थात अंतिम कसोटी मुलीच्या हिताची. उपचार मध्येच सोडले तर तेच हत्यार तुमच्यावर उलटेल. थेरपिस्टकडून प्रगतीचा अहवाल आत्ताच मागून घ्या.

समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत कैफियत द्यायची आहे. वकील परवडत नसेल तर सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिलांना उत्पन्नाची अट नाही. सुनावणी बंद दाराआड व्हावी अशी लेखी मागणी पहिल्याच तारखेला करा. कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम 11 नुसार एका पक्षाने मागितलं तरी तशी सुनावणी घ्यावी लागते.