गावच्या नळाच्या पाण्याचा टीडीएस ३८० आहे, ते न उकळता प्यावं का? की आरओ बसवावा?

तुम्ही लिहिलंय की गाव अडीच हजार वस्तीचं आहे, ग्रामपंचायतीची विहीर आणि टाकी आहे, पाणी दिवसाआड येतं आणि ऑनलाइन मागवलेला टीडीएस मीटर ३८० दाखवतो. तो मीटर कपाटात ठेवून द्या. ३८० म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. भारतीय मानक १०५०० प्रमाणे ५०० पर्यंतचं पाणी चांगलं धरतात, आणि दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. तुमचं पाणी त्यात आरामात बसतं. पण जंतू त्या मीटरला कळत नाहीत. बादलीभर पाण्यात गटारातलं वाटीभर पाणी मिसळलं तरी आकडा फारसा हलणार नाही, आणि गॅस्ट्रो व्हायला तेवढं पुरेसं असतं.

खरं सांगायचं तर मी लिहायला बसले ते तुमच्या शेवटच्या ओळीमुळे. ‘पाणी सोडणारा माणूस पावडर टाकतो की नाही देव जाणे.’ माझे वडील गावात पाणी सोडायचे. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. हे वाक्य मी आमच्या घराच्या ओट्यावर, लग्नाच्या मांडवात आणि एकदा भर ग्रामसभेत ऐकलंय.

पावडर टाकणं म्हणजे काय असतं ते आधी सांगते, कारण मूठभर पावडर उचलून टाकीत फेकली की झालं असं पुष्कळांना वाटतं. अण्णा बादलीत थोड्या पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, घट्ट कालवायचे, मग बादली पाण्याने भरून बाजूला ठेवायचे. चुना तळाला बसला की वरची निवळी टाकीत. त्यानंतर निदान अर्धा तास व्हॉल्वला हात लावायचा नाही, क्लोरीनला काम करायला तेवढा वेळ लागतो. चांगल्या पावडरीत क्लोरीन ३३ टक्क्यांच्या आसपास असतो. स्वच्छ पाण्याच्या हजार लिटरला अडीच ग्रॅमच्या आसपास पुरते, पावसाळ्यात जास्त लागते. पोत्याला ओल लागली किंवा तोंड उघडं राहिलं की क्लोरीन उडून जातो, आणि २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरायची नसते. म्हणून अण्णा पोतं लाकडी फळीवर ठेवायचे, तोंड सुतळीने आवळून. त्यांच्या बोटांची सालं कायम निघालेली असायची आणि हिवाळ्यात खोकला जायचा नाही. पगार पाणीपट्टीच्या वसुलीतून, म्हणजे वसुली झाली तर.

आणि ते रोज ओटी करायचे. ओटी म्हणजे ऑर्थोटोल्युडीन, बाटलीतलं औषध. नळाचं पाणी छोट्या नळीत घ्यायचं, त्यात थेंब टाकायचे. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं, जास्त असेल तर गडद पिवळं, नसेल तर आहे तसंच राहतं. लगेच बघायचं आणि रंगाच्या पट्टीशी ताडायचं. आपल्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असला पाहिजे. अण्णांच्या वहीत तीन रकाने होते: टाकीजवळचा नळ, मधली आळी, खालच्या आळीतला शेवटचा नळ. वही माझ्याकडे आहे.

एका पावसाळ्यात पहिल्या मोठ्या पावसानंतर खालच्या आळीत जुलाब-उलट्या सुरू झाल्या. आधी लहान मुलं, मग म्हातारी माणसं. आरोग्य केंद्रातल्या खाटा भरल्या, शाळेच्या वर्गात सतरंज्या टाकून सलाइन लावली. कुणी दगावलं नाही, पण दोन म्हाताऱ्या जिल्ह्याला न्याव्या लागल्या. तोवर वरच्या आळीत एकही रुग्ण नव्हता. विहीर एक, टाकी एक, पावडर एक, मग आजारी फक्त खालची आळी का, हा साधा प्रश्न त्या दिवसांत कुणाला पडला नाही. ग्रामसभा बोलावली आणि माझे सख्खे धाकटे काका उभे राहून म्हणाले, ‘पावडर टाकलीच नाही. विकून खाल्ली असेल.’ अण्णा मागच्या बाजूला उभे होते. भावाने सगळ्या गावासमोर असं म्हटलेलं त्यांनी ऐकून घेतलं आणि घरी येऊन वही काढली.

वहीत त्या आधीच्या आठवड्यांत टाकीजवळच्या नळाला रोज पिवळा रंग लिहिलेला आहे. शेवटच्या नळापुढे ‘रंग नाही’. त्याखाली, ‘सरपंचांना सांगितले. लाइन बघावी लागेल.’ असं एकदा नाही, बऱ्याचदा लिहिलेलं आहे.

लाइन उकरली तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. खालच्या आळीची पाइप गटाराच्या आतून गेलेली होती, कारण टाकताना रस्ता फोडायचा खर्च वाचवला होता. सांधा कुजला होता. पाणी चालू असताना दाब असतो, तेव्हा सांध्यातून पाणी बाहेर गळतं. पाणी बंद झालं की उलटं होतं. पाइपातलं पाणी उताराला उतरून जातं, आत पोकळी होते आणि गळतीच्या जागेतून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. दुसऱ्या खेपेला व्हॉल्व फिरवला की पहिली कळशी त्याच पाण्याची. दिवसाआड पाणी येणाऱ्या प्रत्येक गावात हा धोका आहे, तुमच्याही.

सांध्याच्या वरच्या अंगाला तीन घरांपुढे नळासाठी खड्डे होते. दाब कमी म्हणून लोक जमीन खणून नळ खाली घेतात, तोटी काढून टाकतात, पाइपाचं नुसतं तोंड ठेवतात. काहीजण त्यालाच मोटार लावून पाणी ओढतात, त्याने खालच्यांचा दाब आणखी मरतो आणि गळतीतून घाण ओढली जाते ती वेगळीच. पाऊस पडला की तो खड्डा भरतो, अंगणातलं, गोठ्यातलं सगळं त्यात येतं आणि पाइपाचं उघडं तोंड त्यात बुडतं. त्यातला एक खड्डा आमच्या काकांचा होता. मोटारही होती.

प्रयोगशाळेने पाणी पिण्यास अयोग्य असं लिहून दिलं. घाण सांध्यातून शिरली की खड्ड्यातून, हे कुठलीही प्रयोगशाळा सांगू शकत नाही, आणि मीही ठामपणे सांगू शकत नाही. पण अण्णांच्या पावडरीच्या पोत्याचा नमुना तपासला तो चांगला निघाला, हे मी ठामपणे सांगते. ग्रामसभेत ते कुणी वाचून दाखवलं नाही.

काका आजही म्हणतात की पावडर पुरेशी असती तर गटाराच्या पाण्याला पुरून उरली असती. ही अर्धवट माहिती आहे. घाण आली की क्लोरीन तिच्यातच खर्च होतो, म्हणून तर शेवटच्या नळाला रंग येत नव्हता. टाकीत दुप्पट टाकली तर वरच्या आळीच्या नळाला इतका वास येतो की लोक ते पाणी पीत नाहीत. अण्णांनी त्या पावसाळ्यात वाढवून पाहिली होती. वरच्या आळीतून लगेच तक्रार आली, पाण्याला वास येतो, पावडर कमी करा. तक्रार घेऊन येणाऱ्यांत काका पुढे होते.

आता तुमचा आरओ. माझं मत स्पष्ट आहे. क्षार मापात असताना आरओ बसवणं म्हणजे पैसे आणि पाणी दोन्ही वाया घालवणं. एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर मोरीत जातं, आणि तुमच्याकडे पाणी दिवसाआड येतं. जारचं पाणी तर मी घरात येऊ देत नाही. आरओच्या यंत्रात क्लोरीन काढून टाकला जातो, त्यामुळे नंतर जार धुताना, भरताना, टेम्पोत चढवताना जे काही आत गेलं ते मारायला पाण्यात काहीच शिल्लक नसतं. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे, म्हणजे हातापायांतली ताकद जाणाऱ्या नसांच्या आजाराचे, रुग्ण वाढले तेव्हा महापालिकेने तिथले खासगी आरओ प्रकल्प तपासले. काहींच्या पाण्यात जंतू सापडले आणि प्रकल्प बंद करावे लागले. लोक पैसे मोजून तेच पाणी सुरक्षित म्हणून घेत होते. आमच्या काकांनी साथीनंतर चार वर्षांनी जारचाच धंदा सुरू केला. त्यांच्या जाहिरातीच्या फलकावर टीडीएसचा आकडा मोठ्या अक्षरात आहे. ओटीचा विषयच नाही, कारण त्या पाण्यात ओटीला रंग येणारच नाही.

तुम्ही काय करायचं तर, ओटीची बाटली आणा. तालुक्याच्या ठिकाणी मिळते, ग्रामपंचायतीकडे तर असायलाच हवी. आपल्या घराच्या नळावर थांबू नका, गावातला टाकीपासून सगळ्यात लांबचा नळ शोधा आणि पाणी सुटल्या सुटल्या तिथे बघा. थोड्या वेळाने पुन्हा बघा. तिथे फिकट पिवळा रंग रोज येत असेल तर मी ते पाणी न उकळता पिते, तुम्हीही प्या. रंग येत नसेल तर त्या दिवसापासून पाणी उकळा, खळखळून उकळी एक मिनिट ठेवा आणि ग्रामपंचायतीला लेखी कळवा. तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही, हे आमच्या घराला चांगलं ठाऊक आहे. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासायला शिकवायचं होतं, पेटीही द्यायची होती. तुमच्या गावातल्या त्या कोण हे विचारा. पाण्याची व्यवस्था तपासून गावाला कार्ड देतात, धोका जास्त असेल तर लाल. तुमच्या गावाला लाल, पिवळं की हिरवं कार्ड आहे तेही विचारा. लाल असेल तर ग्रामसभेत त्यावर बोला, पाणी सोडणाऱ्यावर नको.

आणि तुमच्या आळीतून एकदा चालत जा. किती नळांना तोटी नाही, किती नळ खड्ड्यात आहेत, कुठली पाइप गटारातून जाते, व्हॉल्वच्या हौदात पाणी साचलंय का, हे बघून या. स्वतःच्या घरचा नळ खड्ड्यात असेल तर आधी तो वर घ्या, मग दुसऱ्याविषयी बोला. तुमच्या पाणी सोडणाऱ्याला एकदा विचारा, शेवटच्या नळाला रंग येतो का. उत्तर देता आलं तर तो त्याचं काम करतोय, त्याच्याबरोबर सरपंचांकडे जा. उत्तर देता आलं नाही तर त्याला ओटीची बाटली कुणी दिली का, ते विचारा. बऱ्याच गावांत दिलेली नसते.

आता काही गोष्टी ज्या वर लिहायला हव्या होत्या. मी जे सांगितलं ते जंतूंपुरतं आहे. ओटीने नायट्रेट, फ्लोराइड कळत नाही आणि उकळून ते जातही नाही. वर्षातून एकदा तरी पाण्याची रासायनिक तपासणी झाली पाहिजे, तिचा अहवाल ग्रामपंचायतीकडे मागा. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर बाटलीचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळासाठी ते पाणी अजिबात वापरू नका, त्याच्या रक्तातला प्राणवायू कमी पडतो. फ्लोराइड १ च्या आत असावं, फार तर १.५. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत ते जास्त आहे, दातांवर आणि हाडांवर दिसतं. अकोला, अमरावती, बुलढाण्यात पूर्णेच्या खारपाण पट्ट्यात राहत असाल तर आरओबद्दल मी वर जे बोलले ते तुम्हाला लागू नाही, तिथे खारेपणाच खरा प्रश्न आहे आणि यंत्राला पर्याय नसतो. तुम्ही जिल्हा लिहिला नाहीत, ३८० वरून मी धरून चालले की तुम्ही त्या पट्ट्यात नाही.

घरात पाण्याच्या हंड्याला झाकण ठेवा आणि पाणी दांडीच्या भांड्याने काढा, हात बुडवू नका. ओटी केलेलं पाणी चुकूनही तोंडाला लावू नका, ते औषध घातक आहे. तपासून झालं की ओतून द्या, हात धुवा आणि बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी वर ठेवा.