अर्थशास्त्राची पदवी आणि पुढची वाट

प्रश्न : कन्येने कला शाखेतून बारावी केली आहे. अर्थशास्त्रात बी.ए. केल्यास नोकरी मिळेल का? – एक पालक, सांगली

उत्तर : तिला हा विषय अवश्य घेऊ द्यावा, मात्र केवळ पदवीवर थांबू नये, कारण केंद्रीय लोकसेवा आयोगामार्फत होणाऱ्या भारतीय आर्थिक सेवेच्या (केंद्र सरकारातील अर्थतज्ज्ञांच्या सेवेच्या) परीक्षेला अर्थशास्त्रातील पदव्युत्तर पदवी लागते. ही पदव्युत्तर पदवी पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेत, जी १९३० पासून कार्यरत आहे, किंवा मुंबई विद्यापीठात घेता येईल. खरी कसोटी गणिताची आहे. मागणीची लवचिकता, म्हणजे किंमत बदलली की मागणी किती बदलते हे काढतानाही अनेकदा अवकलन, म्हणजे बदलाचा दर काढण्याची गणिती रीत लागते, त्यामुळे बारावीला गणित नसल्यास पहिल्या वर्षापासूनच कलन (कॅल्क्युलस, ज्यात अवकलन येते) आणि संख्याशास्त्राचा नेटाने अभ्यास करावा, असे मी आग्रहाने सांगेन. बँकांच्या अनेक भरती परीक्षा मात्र कोणत्याही शाखेच्या पदवीधराला देता येतात.