बॅक्टेरियाचा जांभळा गणपतीला चालेल का?

प्रश्न : आमची कुडाळजवळ गणपतीची शाळा आहे, शाडूच्याच मूर्ती करतो. पुतणी मायक्रोबायोलॉजी शिकते, ती म्हणते जीन घातलेले बॅक्टेरिया जांभळा रंग बनवतात, पण तिच्या एका फ्लास्कात गडद येतो नि दुसऱ्यात पार फिका. असं का? आणि आम्हाला मूर्तीला वापरता येईल का?

उत्तर : काका, तो रंग बहुतेक व्हायोलेसीन. क्रोमोबॅक्टेरियम नावाचा बॅक्टेरिया तो मुळातच बनवतो, त्याचे पाच जीन ई. कोलाय या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या बॅक्टेरियात घातले की तोही ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून रंग बनवायला लागतो. २००९ च्या आयजेम या विद्यार्थ्यांच्या जीन-बदल स्पर्धेत केंब्रिजच्या पोरांनी त्यातला एक जीन वगळला तर चक्क गर्द हिरवा आला! म्हणजे जीनचं काम तसं जुनं झालं, खरी कटकट बॅक्टेरिया वाढवताना येते.

पुतणीला आधी तापमान विचारा. ३७ अंशाला ई. कोलाय भराभर वाढतो म्हणून बरेच जण तिथेच ठेवतात, पण त्या घाईत बाहेरून घातलेल्या जीनची एन्झाइम्स (रंग घडवणारी प्रथिनं) नीट घडत नाहीत, त्यांच्या गुठळ्या होतात आणि फ्लास्क गढूळ दिसला तरी रंग नसतो, त्यापेक्षा २५-३० ला सावकाश वाढू दे. दुसरं म्हणजे हवा, या रंगाला ऑक्सिजन लागतोच, त्यामुळे फ्लास्क गळ्यापर्यंत भरला किंवा पावसात रात्री लाईट जाऊन शेकर (फ्लास्क हलवत ठेवणारं यंत्र) बंद पडला की सकाळी फिकाच मिळणार. मीडियात, म्हणजे जंतू वाढवायच्या द्रवात, ग्लुकोज जास्त असेल तर काही प्रमोटर (जीन चालू करणारी बटणंच म्हणा) दबून राहतात तेही बघायला सांगा, आणि प्लास्मिड (हे जीन ज्यावर बसवतात तो डीएनएचा गोल तुकडा) टिकवायचं अँटिबायोटिक घालायला विसरली असेल तर बिनरंगाच्या पेशीच पुढे निघून जातात, कारण रंग बनवायचा भार त्यांच्यावर नसतो ना.

आता मूर्तीचं. माझं ऐकाल तर नको. व्हायोलेसीन पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलने काढावा लागतो, उन्हात विटतो आणि एवढ्याशा रंगासाठी खर्च केवढा! रेशमावर त्याचे प्रयोग झालेत, ते ठीक. शाडूला तुमची गेरू-हळदच बरी.

आणि शाळेत बादलीत वाढवून बघू वगैरे अजिबात नको, जीन बदललेल्या जंतूंना आपल्याकडे १९८९ चे नियम लागू आहेत, पुतणीच्या कॉलेजलाही. काम झाल्यावर तिने सगळं १२१ अंशाला ऑटोक्लेव्ह करूनच (दाबाखालच्या वाफेने जंतू मारूनच) टाकायचं, मोरीत ओतायचं नाही.