कणकेचा गोळा

प्रिय मावशी,
आम्ही काळाचौकीला चाळीत राहतो. मुलगा आठ वर्षांचा. रक्ताचा कॅन्सर उलटला. आता दुखू नये एवढंच बघायचं, घरीच ठेवा, असं डॉक्टर म्हणाले. दर गुरुवारी म्युझिक थेरपीची ताई गिटार घेऊन येते, तेवढा वेळ लेक हसतो. पण ती आली की नवरा खाली गल्लीत जाऊन उभा राहतो. सगळं मी एकटीच बघते. त्यांचा भजनातला पखवाजही मीच माळ्यावर टाकला, आजारी पोराच्या घरात ठोकाठोक कशाला! पूर्वी त्याला कणीक लावायला लेकच पुढे असायचा. आता तो बराच वेळ झोपूनच असतो. ताईला आणखी एक दिवस बोलवू का? आणि नवऱ्याला कसं समजावू?

पोरी,
ताईचं मागाहून बघू. आधी पखवाज खाली काढ.

तुझं पत्र चार पानी होतं, मी कापून छापलंय. त्यात साडेतीन पानं नवरा कसा पळतो याची, आणि पखवाजाला दोन ओळी. अगं, बसेल कुठे तो? ज्या एका गोष्टीवर त्याचा हात चालतो ती तू चादरीत गुंडाळून वर टाकलीस, आणि वर म्हणतेस हा कशाला हात लावत नाही. परक्या मुलीची गिटार चालते, बापाचा पखवाज तेवढा ठोकाठोक?

आज पोळ्यांची कणीक मळशील तेव्हा एक गोळा बाजूला ठेव. लेकाच्या हातात दे. दाबवत नसेल तर नुसतं बोट टेकवू दे. धुमेवर, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडावर, थापायला बाप आहे.

तुझी ताई काय करते ते नीट बघ. आधी पोराच्या श्वासाची लय पकडते, मग सूर हळूहळू सैल सोडते, तसा श्वासही निवतो. भजनात हात मुरलेल्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागेल का? गुरुवारी ताईलाच सांगू दे त्याला: पोराच्या छातीकडे बघून ठेका धरा, मग उतरवत न्या. बोटांनी, हलकेच. पोराचा तळवा पखवाजाच्या लाकडी खोडावर टेकवला तर धुमेचा घुमार त्याच्या हातालाही लागेल.

अमेरिकेत २०१३ साली ११ रुग्णालयांतल्या २७२ अपुऱ्या दिवसांच्या बाळांवरचा अभ्यास छापून आला. आईबापांच्या आवडीचं गाणं अंगाईसारखं गायलं, तेव्हा आईबापांचाही ताण उतरला. तुझ्या नवऱ्याचं औषध दुसरं काय असणार?

झोपेत लेकाला काय ऐकू येणार, असं मनात आणू नकोस. कॅनडातल्या, २०२० साली छापून आलेल्या एका अभ्यासात शेवटच्या घटकेतल्या रुग्णांचे मेंदूचे आलेख काढले होते. हाकेला ओ न देणाऱ्यांपैकी काहींचे मेंदू तेव्हाही आवाज टिपत होते. मात्र लेकाने कपाळाला आठी घातली, हात झटकला, की लगेच थांबायचं. चाळीतलं कोणी नाक मुरडलं तर दार लावून घे.

वाजवून झालं की धुमेवरची कणीक खरवडून काढावी लागते. लावायला लेक पुढे असायचा, हे तू लिहिलंस. काढायचं कोण, ते लिहिलं नाहीस. त्यालाच विचार.

— मावशी