स्टफिंगला सारण म्हणावं का पुरण?

न्यू जर्सीतल्या एका ताईंचा प्रश्न आलाय. त्या तिथल्या रविवारच्या मराठी शाळेत शिकवतात आणि नोव्हेंबरमधे मुलांकडून थँक्सगिव्हिंग या अमेरिकन सणाच्या जेवणाचा मराठीत तक्ता करून घेतात. त्या जेवणात मुख्य असतो टर्की नावाचा मोठा पक्षी, भाजलेला. बटाटा, मका, रताळं, भोपळा हे सगळं सोपं गेलं पण स्टफिंगपाशी सगळे अडले. ताईंनी आधी सारण लिहिलं होतं. मग गेल्या वर्षी शेजारच्या अमेरिकन काकूंनी घरी स्टफिंगचा एक ट्रे आणून दिला, तेव्हा भारतातून आलेल्या सासूबाईंना त्यांनी सांगितलं की हे टर्कीत भरायचं सारण असतं, तर सासूबाईंनी लगेच विचारलं, "मग हे आता कशात भरायचं?" कशात नाही, असंच चमच्याने खायचं म्हटल्यावर त्या म्हणाल्या की मग हे सारण नव्हे. ताईंचा प्रश्न असा की सासूबाईंचं बरोबर आहे का, आणि मग पुरण म्हणायचं का, आणि जाता जाता टर्कीला मराठी शब्द आहे का.

ताई, तुमच्या सासूबाईंचं अगदी बरोबर आहे आणि त्यांनी एका वाक्यात जे पकडलंय ना तेच या प्रश्नातलं मुख्य आहे असं मला वाटतं.

मराठीत सारण हा शब्द एकटा राहत नाही, त्याला पारी लागते. करंजीचं सारण, मोदकाचं सारण, सामोशाचं, कचोरीचं, पॅटिसचं, पुडाच्या वडीचं सारण, म्हणजे पिठाचं किंवा बटाट्याचं काहीतरी आवरण आहे आणि त्याच्या पोटात ते जाणार आहे. लहानपणी दिवाळीला करंज्या झाल्यावर ताटलीत उरलेलं खोबरं-साखर आम्ही खायचो तेव्हाही ते "उरलेलं सारण"च असायचं, म्हणजे ज्याला पारी मिळाली नाही असं. आता गंमत बघा, वांग्यात जे भरतो त्याला बहुतेक घरांत सारण म्हणतच नाहीत, मसाला म्हणतात. भरल्या वांग्याचा मसाला, भरल्या कारल्याचा मसाला, पापलेटात भरायचा मसाला किंवा हिरवी चटणी. पदार्थाच्या नावात "भरलं" येतं आणि आतल्या गोष्टीला मात्र स्वतःचं खास नाव नसतं. म्हणजे आपल्या बोलीत ढोबळ मानाने असं दिसतं की पिठाच्या पारीत जातं ते सारण आणि भाजीच्या किंवा माशाच्या पोटात जातं तो मसाला. या हिशोबाने टर्कीच्या पोटात जातं तो मसालाच व्हायला हवा, पण स्टफिंगला मसाला म्हटलं तर कुणाच्याही डोळ्यासमोर लाल तिखट आणि खोबरंच येईल. त्यात तर मुख्य असतो पाव. वाळवलेल्या पावाचे तुकडे, लोण्यात परतलेला कांदा आणि सेलरी, सेज आणि थाइम ही तिकडची सुवासिक पानं, आणि हे सगळं भिजेल इतका कोंबडीचा किंवा टर्कीचा स्टॉक म्हणजे हाडं-मांस उकळून काढलेलं पाणी, मग ओव्हनमधे वरून खरपूस आणि आतून मऊ होईपर्यंत भाजायचं. दक्षिणेकडच्या राज्यांत गव्हाच्या पावाऐवजी मक्याचा कॉर्नब्रेड घेतात, कुणी सॉसेज घालतं, कुणी चेस्टनट, किनाऱ्याकडे कालवं पण घालतात. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मला तर आपल्या फोडणीच्या पोळीचीच आठवण झाली, शिळ्या भाकरी-पोळीचं सोनं करायची रीत दोन्हीकडे तीच.

आता सासूबाईंच्या प्रश्नाकडे, म्हणजे कशात भरायचं. अमेरिकेत पण याच मुद्द्यावरून नावं बदलतात! उत्तरेकडे आणि बहुतेक ठिकाणी स्टफिंग म्हणतात, दक्षिणेत ड्रेसिंग म्हणतात, आणि पुष्कळ लोक सांगतात की पक्ष्याच्या पोटात शिजवलं तर स्टफिंग आणि बाहेर ट्रेमधे भाजलं तर ड्रेसिंग. नियम छान आहे पण बोलताना कुणी पाळत नाही, उत्तरेतली माणसं ट्रेमधल्याला पण बिनधास्त स्टफिंगच म्हणतात. माझी बहीण पेनसिल्व्हेनियात होती तेव्हा एका थँक्सगिव्हिंगला मी तिच्याकडे होते, तिथे जुन्या जर्मन वंशाच्या शेजारणीकडे तिसराच शब्द ऐकला, फिलिंग! आणि त्यात पावाबरोबर कुस्करलेला बटाटा पण होता. मी विचारलं की हे कशात फिल करता, तर त्या म्हणाल्या कशातच नाही, याला फिलिंगच म्हणतात, आईपण असंच म्हणायची. झालं, म्हणजे नाव "भरण" आणि भरायचं कशातच नाही.

बाहेर भाजायला कारण पण आहे. टर्की मोठी, पोटातल्या पावात तिचा कच्चा रस मुरतो आणि तो गोळा मधोमध नीट तापेपर्यंत बाहेरचं मांस कोरडं पडतं. तिथलं कृषी खातं सांगतं की स्टफिंगच्या मध्यभागी १६५ डिग्री फॅरनहाइट, म्हणजे साधारण ७४ सेल्सिअस यायलाच हवं, आणि वेगळं शिजवलेलं जास्त सुरक्षित. आणि १९७२ साली तर स्टोव्ह टॉप नावाचं पाकिटातलं स्टफिंग बाजारात आलं, जे शेगडीवर पातेल्यात काही मिनिटांत होतं, त्याला टर्कीची गरजच नाही. म्हणजे जे आत भरायचं म्हणून स्टफिंग झालं ते बाहेर आलं, ट्रेमधे बसलं, पाकिटात गेलं, आणि नाव तेच राहिलं.

आणि इथे मला पुरण आठवतं. पुरण म्हणजे संस्कृत पूरण, अर्थ सरळ सरळ "भरणं". आपल्या शेजारी भाषांत तो अर्थ अजून बऱ्यापैकी मोकळा आहे. गुजरातीत सामोशाच्या आतल्या तिखट भाजीला पण पूरण म्हणतात, तमिळमधे कोळुकट्टैच्या, म्हणजे त्यांच्या मोदकाच्या, आत जे काही जाईल ते पूरणम्, मग ते गूळ-खोबरं असो नाहीतर तिखट डाळ. तेलुगूत पूर्णम्. कन्नडात सुरुवातीच्या प चा ह होतो म्हणून हूरण, ते होळिगेत, म्हणजे त्यांच्या पुरणपोळीत, भरतात. मराठीत मात्र हा शब्द आकसून आकसून हरभऱ्याची डाळ आणि गूळ यावरच येऊन थांबला. मोदकात खोबरं-गूळ घातलं तर सारण, पोळीत डाळ-गूळ घातला तर पुरण, आणि रव्याचा सांजा भरला तर ती सांज्याची पोळी, तिथे पुरण नाही म्हणायचं. एकदा असा एका पदार्थावर शिक्का बसला की शब्दाला आवरणाची गरज उरत नाही, आणि तसंच झालंय. नैवेद्याच्या ताटात पुरणाची मूद वेगळी वाढतात वर तुपाची धार, पोळी नसली तरी पुरण असतं. श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीची पूजा करून आई मुलांना पुरणाच्या दिव्यांनी ओवाळते, तिथे तर पुरण काहीच भरत नाही, उलट त्यातच तूप आणि वात भरलेली असते! माझ्या आईने आम्हा भावंडांना ओवाळून झाल्यावर तो दिवा आमच्या हातावर ठेवलेला मला अजून आठवतो, कोमट, तुपाने माखलेला.

म्हणून शब्दाच्या स्वभावाने बघितलं तर स्टफिंग हे सारणापेक्षा पुरणाच्या जास्त जवळचं आहे. दोन्ही "भरायची गोष्ट" म्हणून जन्मले आणि दोन्ही स्वतंत्र पदार्थ झाले, सणाच्या ताटात स्वतःची जागा असलेले. अजून एक साम्य, पुरणाची डाळ शिजवून जे पाणी काढतो तो कट, काही भागांत येळवणी म्हणतात, त्याची आमटी होते आणि ती पुरणाबरोबरच हवी. तिकडे टर्की भाजताना ट्रेमधे जो रस आणि चरबी गळते त्याची ग्रेव्ही करतात आणि ती स्टफिंगवर ओततात. पण तरी मुलांना स्टफिंगचं मराठी पुरण असं शिकवू नका हो, कारण पुरण म्हटल्यावर मराठी पोराच्या तोंडात गोड चवच येणार आणि ती सेज-कांद्याच्या पावाला लावणं चुकीचं होईल.

असाच एक तिसरा शब्द आपल्या अगदी जवळ आहे, गोव्यातला रेशाद. पोर्तुगीज रेशेआदु म्हणजे भरलेलं. बांगड्याला दोन्ही बाजूंनी चिरा देऊन त्यात लाल मिरची, लसूण, जिरं, मिरी, लवंग, दालचिनी व्हिनेगरमधे वाटलेला मसाला भरायचा, तो भरलेला मासा म्हणून रेशाद. पण हळूहळू ते नाव माशावरून मसाल्यावर सरकलं. आता बाटलीत रेशाद मसाला मिळतो, कोळंबी रेशाद मिळते, कोळंबीत काय भरणार, वरून चोळतात आणि तळतात. भरलेलं या अर्थाचा शब्द आणि आत काही नाही, अगदी त्या पेनसिल्व्हेनियातल्या फिलिंगसारखं.

आणि हे शब्द स्वयंपाकघरातच थांबतात असंही नाही. आपण नाटकाला फार्स म्हणतो ना, एकोणिसाव्या शतकात पौराणिक नाटक झालं की शेवटी फार्स करायचे, तो फार्स म्हणजे फ्रेंचमधे मुळात सारणच. लॅटिन फार्कीरे म्हणजे ठासून भरणं. मध्ययुगात धार्मिक नाटकांच्या मधे मधे विनोदी प्रवेश भरायचे म्हणून त्यांना फार्स नाव पडलं, आणि फ्रेंच स्वयंपाकात आजही पक्ष्यात किंवा भाजीत भरायच्या मिश्रणाला फार्सच म्हणतात. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा दिवसभर मी ज्याला त्याला सांगत होते!

यापेक्षा भारी गोष्ट आंब्याची आहे, आणि ती थेट टर्कीच्या ताटात येते. १७९६ साली अमेरिकेतल्या हार्टफर्डला अमेरिकन बाईने लिहिलेलं तिथलं पहिलं पाकपुस्तक छापलं, त्यात टर्की भरून भाजायची कृती आहे. भरायला गव्हाचा मऊ पाव, गाईची चरबी, अंडी, थाइम, मार्जोरम, मिरी, मीठ, म्हणजे आजच्या स्टफिंगची पणजीच. आणि बरोबर काय वाढायचं तर उकडलेले कांदे, क्रॅनबेरी सॉस आणि चक्क मँगो. आता १७९६ मधे तिथे आंबा कुठून येणार? झालं होतं असं की मलयाळममधल्या माङ्ङाचं पोर्तुगीजांनी मांगा केलं, इंग्रजीत ते मँगो झालं, पण ताजं फळ जहाजावर टिकायचं नाही, पोचायचं ते कैरीचं लोणचं. त्यामुळे त्यांच्या लेखी मँगो म्हणजे लोणचंच, आणि मग छोटी खरबुजं, काकड्या, मिरच्या पोखरून, आत मोहरी लसूण भरून आंबवलेलं जे काही असेल ते पण मँगो. त्यातून ओहायो, इंडियाना, पेनसिल्व्हेनियाच्या काही भागांत जुनी माणसं ढोबळ्या मिरचीलाच मँगो म्हणायला लागली, आणि स्टफ्ड मँगो म्हणजे आपली भरली ढोबळी मिरची, फक्त आत बेसनाऐवजी खिमा-भात. तुमच्या शाळेतल्या ज्या घरांत टर्की करत नाहीत तिथे त्या दिवशी भरली सिमला मिरची होत असेल तर त्या मुलांना हे नक्की सांगा.

टर्कीचं थोडक्यात सांगते. हा पक्षी मूळचा अमेरिकेचा, आपल्याकडे जुना शब्द असायचं कारणच नव्हतं. पोर्तुगीजमधे त्याला पेरू म्हणतात, हिंदी कोशांत त्यावरून पीरू सापडेल. मराठीत मात्र पेरू म्हणजे फळच, म्हणून टर्कीला टर्कीच म्हणा. १६१२ साली मुकर्रब खान या मुघल सरदाराने गोव्याहून जहांगीर बादशहासाठी जे नवलाचे प्राणी नेले त्यात एक टर्की होती. बादशहाने तिच्या रंग बदलणाऱ्या मानेचं आणि चोचीवर लोंबणाऱ्या मांसाचं मोठ्या हौसेने वर्णन लिहून ठेवलंय, आणि त्याच्या दरबारी चित्रकाराने, मन्सूरने, तिचं चित्र काढलं. वर्गात ते चित्र दाखवता आलं तर बघा, मुलं खूश होतील.

तर तक्त्यावर काय लिहायचं. पक्ष्याला "भरलेली टर्की", ही भरली वांगी आणि भरलेलं पापलेट यांच्याच रांगेत बसते आणि कुठलीही आजी विचारणार नाही की म्हणजे काय. टर्कीच्या पोटातून काढून वाढलं तर "टर्कीतलं सारण" चालेल, तिथे टर्कीच पारी झाली. आणि ट्रेमधे वेगळं भाजलेलं असेल तर सरळ "स्टफिंग" लिहा आणि खाली बारीक अक्षरात "मसाल्याच्या पानांचा भाजलेला पाव", आपण केकला आणि बिस्किटाला कुठे मराठी नाव शोधत बसलो. सासूबाई पुढच्या वेळी आल्या की त्यांना विचाराल का एक, त्यांच्या माहेरी ओल्या नारळाच्या गूळ घातलेल्या सारणाला चून म्हणतात का? आमच्या आजोळी कोकणात म्हणायचे, चून आणि नारळाचा नुसता खवलेला तो चव, आणि कुठल्या गावापर्यंत हे दोन्ही शब्द वेगळे आहेत ते मी गोळा करतेय.