चिमणीला जाण्याआधी

पोरी,

तुझा फोटो मिळाला. दोन कातळांच्या मधली उभी भेग, म्हणजे आपली चढाईतली 'चिमणी', आत काळोख आणि वर आभाळाची बारीक पट्टी. "काका, जेमतेम पंधरा मीटर आहे, एका दमात होईल" असं लिहिलंयस. होईलही. ड्यूक्स नोजला याहून अवघड जागी तुला चढताना मी स्वतः पाहिलंय. पण लोणावळ्यात पाय मुरगळला तर चार पोरं उचलून तुला गाडीपर्यंत आणतात आणि संध्याकाळी तू वडापाव खात त्याचा किस्सा सांगतेस. अलास्कात, ग्रॅनाइट टॉर्सच्या त्या उघड्या सुळक्यांवर मुरगळला तर? फेअरबँक्सहून चेना हॉट स्प्रिंग्ज रस्त्याने 39 व्या मैलावर गाडी लावायची, मग 24 किलोमीटरच्या वाटेचं निम्मं अंतर तुडवलं की कुठे तुझी भेग येते. मोबाइलला रेंज नाही. चढाई वीस मिनिटांची असेल, पण तिच्या दोन्ही टोकांना अर्धा अर्धा दिवस बांधलेला आहे. तू केलेल्या तयारीच्या यादीत त्या अर्ध्या दिवसांबद्दल एक ओळही नाही, म्हणून हे पत्र.

आधी कातळ. आपला दख्खनचा बेसाल्ट साधारण 6.6 कोटी वर्षांचा, टॉर्सचा ग्रॅनाइट 6 ते 8 कोटी. वयाने बरोबरीचे, स्वभाव मात्र वेगळे. आपला लाव्हा वर येऊन वाहिला आणि भराभर निवला, म्हणून दाणा बारीक. हा जमिनीच्या पोटातच सावकाश थिजला, म्हणून स्फटिक मोठे आणि धारदार. पुढे वरची माती-खडक झिजून गेले, आणि हिमयुगातही त्या भागावर हिमनद्या फिरल्या नाहीत, म्हणून हे खांब अजून उभे आहेत. तुझ्या दृष्टीने अर्थ एवढाच, की बुटाला पकड झकास मिळेल आणि कातडी सोलून निघेल. लांब बाह्यांचा जाड शर्ट घाल, गुडघे झाकलेले हवेत. अर्ध्या चड्डीत तिथली चिमणी चढलेला एक वीर मला माहीत आहे. आठवडाभर तो पालथा झोपत होता.

(चिमणी म्हटलं की क्लबातल्या नव्या पोरांना अजूनही आधी पक्षीच आठवतो का?)

तंत्र तुला येतंच, तरी एक सांगतो. पाठ एका भिंतीला आणि दोन्ही तळवे समोरच्या भिंतीला, इथवर सगळे नीट असतात. वर सरकताना गडबड होते. पोरं पाठ घासत, वळवळत वर जातात आणि पाच मीटरमध्ये दमतात. तू एक पाय दुमडून ढुंगणाखाली, पाठीमागच्या भिंतीवर रोव. हाताचे तळवे कमरेशी त्याच भिंतीवर खाली दाब आणि पाठ भिंतीपासून सोडवून सरळ उचल. मग टेक, श्वास घे, पाय बदल. दुसरं म्हणजे आत ओढली जाऊ नकोस. घाबरलं की माणूस भेगेच्या पोटात शिरतो, कारण तिथे सुरक्षित वाटतं. तिथेच जागा आवळत जाते, हेल्मेट अडकतं आणि मान वळत नाही. बाहेरच्या कडेला राहा. खालची दरी दिसेल, दिसू दे. सॅक पाठीवर नको, कमरेच्या हार्नेसला स्लिंगच्या पट्ट्याने खाली लटकव.

सह्याद्रीत आपल्याला मेखा आणि बोल्टची सवय. थरांच्या ठिसूळ कातळात फ्रेंड, म्हणजे भेगेत फाकून बसणारं साधन, बसवायला चांगली भेग क्वचितच मिळते. टॉर्सला सगळं तुलाच लावायचंय. चिमणी स्वतः फ्रेंडसाठी फार रुंद असते, पण आतल्या भिंतींत बारीक भेगा असतात, त्या खालूनच हेरून ठेव. मध्ये अडकलेला धोंडा दिसला की स्लिंग टाकायचा मोह होतो. आधी तळहाताने थापट. पोकळ आवाज आला किंवा किंचितही हलला, तर त्याला नमस्कार करून पुढे जा, आणि खाली दोर सांभाळणाऱ्या बिलेवाल्याला बाजूला उभं राहायला सांग. जूनमध्ये गेलीस तर तळाला सावलीत बर्फ आणि भिंतीवर ओलं दगडफूल असू शकतं. बाहेरचा कातळ कोरडा म्हणून आतलाही कोरडा असेल असं धरू नकोस.

आता माझी फजिती. तिथल्याच एका चिमणीत मी चढलो छान आणि उतरताना आळस केला. जिथून वर गेलो तिथूनच, म्हणजे चिमणीच्या घशातून, दोरावरून रॅपल करत उतरलो. खाली येऊन दोर ओढला. सरसर येत होता, शेवटचं टोक सुटून खाली पडलं, आणि नेमकं धोंड्यामागच्या फटीत बसलं. दोघांनी ओढलं, लोंबकळून पाहिलं. शेवटी हातात आलेल्या दोरावरच मला पुन्हा लीड करावं लागलं, म्हणजे वरून दोराचा आधार नसताना चढावं लागलं, दमलेल्या हातांनी. दीड तास गेला. जोडीदार खाली बिले देत उभा, दोन्ही हात दोरावर, आणि तोंडावर डास. हात सोडून एक डासही मारता येत नव्हता. बिचारा शिव्या मला घालत होता की डासांना, कळेना. तेव्हा तू रॅपलचा अँकर, म्हणजे वर दोर अडकवायचा आधार, बाहेरच्या भिंतीवरून दोर पडेल असा बांध. वर एखादी जुनी, उन्हाने विटलेली स्लिंग दिसली तर तिच्यावर भरवसा ठेवू नकोस, स्वतःची बांध आणि सोडून ये. शंभर रुपये वाचवायची जागा ती नव्हे.

अजून एक फसवणूक उजेडाची. 21 जूनच्या आसपास फेअरबँक्सला दिवस जवळजवळ पावणेबावीस तासांचा, उरलेल्या वेळातही काळोख असा होतच नाही. आपल्याकडे अंधार पडायला लागला की आपोआप परतायचं सुचतं. तिथे ते सुचवणारं कोणी नाही. संध्याकाळचे आठ वाजले तरी चार वाजल्यासारखं वाटतं, आणि "अजून एक" म्हणत माणूस थकव्याच्या पार पलीकडे जातो. म्हणून घड्याळाची वेळ आधीच ठरव. दुपारी दोनपर्यंत चिमणीच्या तळाशी पोचला नाहीत, तर फोटो काढून परत. वरच्या पठारावर धुकं उतरलं तर लगेच निघा, उघड्या टुंड्रावर वाट चटकन हरवते. ढग गडगडले तर टॉर्सपासून लांब व्हा आणि डोंगराच्या कण्यावरून खाली उतरा.

परतायची वेळ शहरातल्या कुणाला तरी लिहून दे. सॅटेलाइट मेसेंजर भाड्याने मिळतो का बघ, आणि मिळाला तर तो सॅकमध्ये नको, अंगावर. सॅक खाली राहिली आणि तू वर अडकलीस, तर त्याचा उपयोग काय? अस्वलाचा स्प्रे विमानात चालत नाही, तिथेच विकत घे. आणि डासांची जाळी दोन घे. जोडीदार स्वतःची विसरतोच.

काका